चितारआळीतली भातुकली

आंबोलीचा घाट उतरून एस.टी. सावंतवाडीत शिरते, मोतीतलाव दिसतो, काठावरचा राजवाडा दिसतो आणि लगेच उतारू गोव्याच्या गाडीची चौकशी करू लागतात. वाचकहो, तसे करू नये. थोडी पायपीट करून चितारआळीत जावे. तेथे दुकानादुकानांतून लाकडाची केळी, सीताफळे, लालभडक मिरच्या मांडलेल्या असतात. माझे पाय मात्र वळतात ते भातुकलीकडे. चूल, पाटा-वरवंटा, उखळ, करंगळीएवढे लाटणे, सारा संसार एका खोक्यात. मुलीच्या निमित्ताने सुरू झालेल्या माझ्या फेऱ्या ती कॉलेजात जाऊ लागली तरी थांबलेल्या नाहीत.

त्यामुळे तेथल्या एका चिताऱ्याचे वर्ष मला सर्व ऋतूंत पाहायला मिळाले. आम्हा मास्तर मंडळींचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्याचे दसऱ्यानंतरच्या उन्हात. पांगाऱ्याचे लाकूड मऊ आणि हलके. पण नीट सुकले नाही तर रंग धरत नाही. थंडीत कातकामाला जोर. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पाहता पाहता बोडक्या लाकडावर तांबडा पट्टा उमटतो. हे मी तासन् तास पाहू शकतो. शिमग्याच्या सुमारास रानात पांगारा लाल फुलतो, तेव्हा पडवीत रंगकामाची घाई असते, कारण मे महिन्यात चाकरमानी येणार. मृगाच्या आधी लाकूड माळ्यावर चढते. मग पाऊस.

“पावसात लाकूड फुगता, मास्तर. जात्याचो खुंटो बसणा नाय,” तो म्हणतो. चतुर्थीपर्यंत मग फळेच रंगवायची.

चिताऱ्यांची ही कला संस्थानच्या आश्रयाने वाढली. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्तेही येथलेच. हे सारे विस्मरणात चालले असता शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभे केले. पत्त्यांना राजाश्रय मिळाला. भातुकलीला पोरींच्या हट्टाचाच आश्रय. तोही आता प्लास्टिकने वाटून घेतला आहे.

आमच्या चिताऱ्याचा खरा अभिमान म्हणजे जाते. त्याची वरची चकती फिरलीच पाहिजे, हा त्याचा हट्ट. माप त्याने आईच्या जात्यावरून घेतले, आणि ते जाते अजून पडवीच्या कोपऱ्यात आहे. एका गिऱ्हाईक बाईंनी मिक्सर मागितला, तोही त्याने करून दिला. “केलंय. पण तो फिरणा नाय,” एवढेच मला सांगितले. त्या स्वरात मिक्सरविषयीचे त्याचे मत पुरते आले!

मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. काम शिकते आहे ती सून. तिचा हात चिताऱ्याहूनही हलका. तिने ओढलेल्या पिवळ्या रेषेला कोठे जोड दिसत नाही. गेल्या थंडीत मी पडवीत बसलो होतो, तेव्हा तिने चार जाती पुरी करून सासऱ्यापुढे ठेवली. रंग सुरेख, पण खुंटा चारींचाही नेमका मधोमध! धान्य घालायचे कोठून आणि दळायचे कसे? ती पडली घरघंटीच्या काळातली; जाते फिरवण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

म्हातारा रागावला नाही. उठला, कोपऱ्यातल्या जात्यावरचे गोणपाट काढले आणि दोन मुठी तांदूळ आणायला सांगितले. सून पदर खोचून बसली. प्रथम जाते अडले, मग घरघरू लागले.

पीठ जाडेभरडे पडले. त्याचीच घावने त्या दिवशी मला मिळाली.