आधी बाटली पाहावी

आपल्या घरात तान्हे बाळ असेल, ते बाटलीने डब्याचे दूध पीत असेल आणि प्यायलेल्या दुधातील बरेचसे आपल्या खांद्यावर परत करीत असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. खांद्यावर पंचा टाकून रात्री घरभर फेऱ्या घालण्याचे काम हल्ली पुष्कळदा आजी-आजोबांकडेच येते. आई कामावर रुजू झालेली असते, आजारी असते, किंवा काही कारणाने तिचे दूध आटलेले असते. कऱ्हाडच्या माझ्या दवाखान्यात गेली अठ्ठावीस वर्षे असे आजी-आजोबा मला भेटत आले आहेत. त्यांतल्या एका आजींनी मला जे शिकवले, आणि ते शिकायला मला जो उशीर झाला, ते आज आपल्याला सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी ओलांडलेल्या एक काकू दीड महिन्यांचा नातू घेऊन आल्या. मुलीला गरोदरपणाच्या शेवटी लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. बाळंतपणानंतर लगेच ती उपचारांसाठी नवऱ्यासह मुंबईला गेली. त्या औषधांच्या काळात बाळाला अंगावर पाजणे शक्यच नव्हते. आईचे दूध सर्वोत्तम, हे मी प्रत्येक गरोदर स्त्रीला सांगतो. परंतु या घरी ते सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होते. डब्याचे दूध हाच मार्ग होता.

"पोटात काही ठरतच नाही हो डॉक्टर. पाजलं की टाकतो. आणि रडणं तर संपतच नाही," काकू म्हणाल्या. मी बाळाला तपासले. वजन ४ किलो १०० ग्रॅम. जन्माच्या वजनाच्या मानाने उत्तम. "काकू, सगळीच बाळं दूध टाकतात," असे म्हणून मी उलटी थांबवणारे थेंब लिहून दिले. दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. दवाखान्यात गर्दी होती, बाळ आकांत करीत होते. वजन न करताच मी थेंब बदलले. तिसऱ्या भेटीत आम्लता कमी करणारे औषध जोडले. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मला दिसली होती. विचारले मात्र नाही.

एका रात्री दहाच्या सुमारास काकांचा फोन आला. संध्याकाळपासून बाळ रडत होते. मी गेलो. बाळ भुकेलेले दिसत होते, म्हणून काकूंना म्हणालो, "माझ्यासमोर एक बाटली तयार करा पाहू." औषधे देण्याच्या इतक्या वर्षांच्या माझ्या सवयीतही हा प्रश्न मी क्वचितच विचारला होता. खरे सांगायचे तर माझ्या स्वतःच्या दोन मुलींना मी एकदाही बाटली करून पाजली नव्हती.

काकूंनी उकळून कोमट केलेले पाणी बाटलीत १२० मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरले आणि त्यात दोन चमचे पावडर टाकली. डब्यावर दर ३० मिलिलिटरला एक सपाट चमचा असे लिहिलेले होते; म्हणजे चार चमचे हवे होते. "दोनच?" मी विचारले. "जड पडतं त्याला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पातळ करून द्या, म्हणजे ठरेल. आणि तुम्हीही पोटाचंच औषध देत होतात ना," त्या म्हणाल्या. मग मी निपल पाहिले. दूध ओढताना बाळाला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी तापवलेल्या सुईने त्याचे भोक मोठे केले होते. बाटली उलटी धरताच दुधाची धार लागली.

सकाळी वजन केले. पाच आठवड्यांत जेमतेम २०० ग्रॅम वाढ झाली होती. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते. म्हणजे निदान ७०० ग्रॅम तरी वाढायला हवे होते.

वाचकहो, चूक कशी घडत गेली ते पाहा. दूध पातळ केल्याने बाळाचे पोट भरे, पण भूक भागत नसे. ते लवकर रडे. रडले की पुन्हा बाटली. मोठ्या भोकातून दूध भराभर येई, सोबत हवाही गिळली जाई. चिमुकल्या जठरात प्रमाणाबाहेर पातळ दूध आणि हवा भरली की ते वर येणारच. ते वर आले की दूध जड पडते, ही समजूत आणखी पक्की होई. या चक्राला माझ्या तीन चिठ्ठ्यांनी बळ दिले होते. काकूंनी जे केले ते मायेपोटी. मी जे केले ते घाईपोटी. फार पातळ दुधाने केवळ वजनच खुंटते असे नाही. रक्तातील सोडियम उतरून बाळाला झटकेही येऊ शकतात. त्या घरावर ती वेळ आली नाही, हे आमचे दैव.

आता दूध वर का येते ते समजून घेऊ. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. अन्न खाली गेले की ते आवळते. तान्ह्या बाळात हे कडे वेळी-अवेळी सैल पडते. त्यात आहार सगळा पातळ, जठर लहान, आणि बाळ दिवसाचा बहुतेक वेळ आडवे. म्हणून पहिल्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास बाळे रोज एकदा तरी दूध टाकतात. यालाच आम्ही रिफ्लक्स म्हणतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो. बाळ बसू लागले, घट्टसर खाऊ लागले की तो ओसरतो आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेकांत थांबतो. बाळ हसते-खेळते आहे, बाळसे धरते आहे, तर ते दूध टाकणे हा आजार नव्हे. ती धुण्याच्या कपड्यांची अडचण आहे.

रडण्याचेही तसेच. ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती बाळे दिवसाकाठी सुमारे पावणेतीन तास रडत होती आणि पुढे हळूहळू कमी रडू लागली. आपले बाळ संध्याकाळी दोन तास रडले म्हणून त्याच्या पोटात आम्लच उसळते आहे, असे समजू नये.

त्या सकाळी मी तिन्ही औषधे बंद केली. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणाम लक्षात घेऊन युरोपातील औषध नियामकांनी २०१४ साली त्याचा वापर मर्यादित केला. आम्लता कमी करणारी औषधे नुसत्या रडण्यावर उपयोगी पडत नाहीत, उलट जंतुसंसर्गाचा धोका वाढवू शकतात. काही थोड्या बाळांना औषध खरोखर लागते. ते तज्ज्ञांनी तपासून ठरवावे.

औषधांऐवजी आम्ही जे केले ते आपणही करू शकता. डब्यावर लिहिलेले प्रमाण अक्षरशः पाळावे. आधी पाणी मोजावे, मग पावडर घालावी. चमचा दाबून वा शिगोशीग भरू नये. उकळलेले पाणी थोडेच निवू द्यावे, गरम असतानाच पावडर मिसळावी, आणि तयार दूध मनगटावर थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री केल्यावरच पाजावे. बाटलीत उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये, टाकून द्यावे. दिवसभरात किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पुरते. म्हणजे चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर. तेवढेच दूध सात-आठ वेळांत थोडे-थोडे विभागावे. भोक लहान असलेले निपल घ्यावे. बाळाला आडवे न पाजता मांडीवर अर्धवट उभे धरावे, मध्येच थांबून ढेकर काढावी. बाळाने तोंड फिरवले की शेवटच्या थेंबासाठी आग्रह करू नये. ताटात काही टाकायचे नाही, हा आपल्या पिढीचा संस्कार बाटलीला लावू नये. पाजून झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे. लंगोट पोटावर घट्ट बांधू नये, आणि पाजल्याबरोबर झोळीत घालून झोके देऊ नयेत.

काकूंनी मला विचारले होते, "आमच्या वेळी बोंडल्याने पाजायचे, ते वाईट का?" मुळीच नाही. बोंडले किंवा वाटी-चमचा बाटलीपेक्षा स्वच्छ ठेवायला सोपा. मात्र घोट सावकाश द्यावा, घशात दूध ओतू नये.

काही गोष्टी मात्र करू नयेत. बाटलीत पेज, नाचणीचे सत्त्व किंवा बिस्किटाचा चुरा मनाने मिसळू नये. वर्षाच्या आत मध देऊ नये, बाळगुटी उगाळण्यासाठीही नाही. त्यातून क्वचित पण जीवघेणी विषबाधा होते. ग्राइप वॉटरने दूध टाकणे थांबत नाही. आणि कितीही दूध टाकत असले तरी बाळाला झोपवावे पाठीवरच. पालथे किंवा उशीवर चढवून झोपवणे धोक्याचे आहे. पाठीवर दूध घशात अडकेल ही भीती स्वाभाविक आहे. पण निरोगी बाळ आपला श्वासमार्ग राखते.

पुढील लक्षणे दिसली तर वाट न पाहता बाळाला डॉक्टरांकडे न्यावे: हिरवी किंवा रक्ताची उलटी, दर वेळी दूरवर जोराने फेकली जाणारी उलटी, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, शौचात रक्त, ताप, फुगलेली टाळू, फुगलेले पोट, नेहमीपेक्षा फार कमी लघवी, बाळ मलूल होणे, पिणे सोडणे, पिताना निळे पडणे किंवा श्वास अडकणे, आणि वजन न वाढणे. वजन मनाने ठरवू नये. एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, दर पंधरवड्याला करून वहीत लिहून ठेवावे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. त्या सकाळी वजन करून झाल्यावर काकू निघेनात. काका बाहेर जाताच हलक्या आवाजात म्हणाल्या, "परवा रात्री तीन वाजता मी त्याला गादीवर आपटलंच असतं, डॉक्टर. हात वर गेला होता माझा. पोटची पोर तिकडे मृत्यूशी झगडतेय, आणि मी तिच्या बाळाला…" त्यांना पुढे बोलवेना.

मी त्यांना जे सांगितले तेच आपल्याला सांगतो. सलग न झोपलेल्या माणसाच्या मनात असे येते. ते आले म्हणून आपण दुष्ट ठरत नाही. पण बाळाला गदागदा हलवणे मात्र कधीही नको. तेवढ्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते. संयम सुटतो आहे असे वाटले की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवावे, दार लोटून बाहेर यावे, पाणी प्यावे, दहा मिनिटे बसावे. दहा मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही. आणि दुसऱ्या कोणाला तरी हाक मारावी.

आम्ही काकांना हाक मारली. निवृत्त शिक्षक, बाळाला घ्यायला घाबरणारे. ढेकर कशी काढायची ते त्यांना दवाखान्यातच शिकवले. पहाटे चार ते आठ बाळ त्यांचे, आणि त्या वेळेत काकूंनी दुसऱ्या खोलीत झोपायचे, असे ठरले. रोज रात्री मुंबईहून मुलीचा फोन येई आणि "छान आहे गं" एवढेच काकू सांगत. त्या दिवसापासून त्या वहीतला आकडा वाचून दाखवू लागल्या. पहिला आकडा सांगताना त्यांनी काय घडले तेही मुलीला सांगितले.

तीन आठवड्यांत वजन पाच किलो झाले. रडणे कमी झाले. काही दुरुस्तीमुळे, काही वयामुळे. दूध टाकणे मात्र थांबले नाही. प्रमाण घटले, पण खांद्यावरचा पंचा अकराव्या महिन्यापर्यंत सुटला नाही.

बाळ सात महिन्यांचे असताना आई उपचार पूर्ण करून आली. डोक्याला रुमाल, अंग निम्मे. तिला घेऊन काकू मला भेटायला आल्या. तिने बाळाला उराशी धरले, आणि त्याने तिच्या खांद्यावर दूध टाकले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी पिशवीतून पंचा काढून तिचा खांदा पुसला आणि वही तिच्या हातात दिली. "घाबरू नकोस. आधी वजन बघ त्याचं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दूध टाकणारे बाळ आले की मी चिठ्ठीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी करतो. वजन करतो, बाटली कशी बनवता ते विचारतो, आणि बाळ घेऊन आलेल्या माणसाला विचारतो, "तुम्ही किती झोपलात?" आपल्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. बाटली, निपल आणि पावडरीतला चमचा सोबत न्यावा. त्यात संकोच मानू नये.