फॉरमॅट मारायच्या आधी

टाळेबंदी उठल्यानंतरच्या पहिल्या लगीनसराईत देऊळगाव राजातला एक फोटोग्राफर सीपीयू काखेत मारून माझ्या दुकानात आला. "भाऊ, समद्या फायली पांढऱ्या पडल्या. फॉरमॅट मारून द्या, पण फोटो राहिले पाहिजेत." माझी निम्मी गिऱ्हाइकं हेच मागतात.

मशीन सुरू केलं. प्रत्येक फोटोच्या नावाला चार इंग्रजी अक्षरांचं नवं शेपूट लागलेलं, आणि फोल्डराफोल्डरात 'रीडमी' नावाची चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९०. तेव्हाच्या भावानं निम्मे म्हटले तरी ३६ हजारांच्या आसपास. वर, खात्री पटावी म्हणून एक फाईल फुकटात उघडून देण्याची तयारी! चिठ्ठी वाचली आणि व्हायरसचं घराणं ओळखलं : स्टॉप, ऊर्फ डीजेव्हीयू.

रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या अशा व्हायरसच्या, बातम्या येतात त्या मोठ्या ठिकाणच्या. मे २०१६मध्ये मंत्रालयातल्या संगणकांत लॉकी शिरलं, जून २०१७मध्ये पेट्यानं न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. डीजेव्हीयूचा डोळा मात्र घरच्या आणि दुकानातल्या मशीनवर असतो, आणि त्याला आत घेणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

"नवीन काय टाकलं होतं?" मी विचारलं. आधी काहीच नाही म्हणाला. मग हळूच कळलं, अल्बम डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक. झिप फाईलला पासवर्ड होता. तो अशासाठी, की अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ अँटीव्हायरस बंद करा अशी. यानं केला. मग विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली, म्हणून हा चहाला गेला. ती खिडकी खोटी असते, तिच्याआड फायलींना कुलपं लागत असतात. त्याला बोल लावावे असं मला वाटलं नाही. डीटीपीवाले काय, स्टुडिओवाले काय, अर्धा बाजार क्रॅकवरच चालतो.

आधी नेटची वायर काढली. हार्ड डिस्क बाहेर काढून तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, आणि पुढचं सगळं त्या नकलेवर केलं. त्याच्या मशीनवरून अँटीव्हायरसच्या साइट आधीपासूनच उघडत नव्हत्या म्हणे, कारण हा व्हायरस विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये त्यांची वाट अडवून ठेवतो.

ऑक्टोबर २०१९मध्ये एम्सीसॉफ्ट कंपनीनं या घराण्याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट टूल काढलं. त्यानंतरच्या प्रकारांत एकच फट राहिली. व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो स्वतःबरोबर आणलेली एकच किल्ली सगळ्यांना वापरतो. अशा वेळी चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी 'टी१' असतं, आणि ती किल्ली कधी ना कधी हाती लागण्याची आशा असते. याच्या आयडीला 'टी१' नव्हतं. म्हणजे किल्ली फक्त चोरांकडे. शहरातल्या कुणीतरी त्याला फोनवर "पैसे पाठवा, खोलून देतो" सांगितलं होतं. मी नको म्हणालो. असे बरेच जण आतून चोरांशीच सौदा करतात आणि वर आपली दलाली लावतात.

पण हा व्हायरस घाईत असतो. मोठी फाईल अख्खी कुलूपबंद करत बसला तर माणूस चहाहून परत येईल! म्हणून तो सुरुवातीचे साधारण १५० केबी तेवढे बिघडवतो. पोथीची पहिली पानं फाडून नेली, बाकी पोथी जागेवर, तसं. बालाजी महाराजांच्या यात्रेचं जुनं चित्रण आणि लग्नांचे व्हिडिओ बऱ्याच जीबीचे होते. दुरुस्तीच्या टूलला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धड फाईल नमुना म्हणून लागते. तो दुकानाबाहेर उभा राहिला आणि जालन्याकडे जाणाऱ्या गाड्यांचं शूटिंग करून आला. त्या नमुन्यावरून पहिला व्हिडिओ सुरू झाला, सनईसकट. सुरुवातीचा क्षणभराचा तुकडा तेवढा गेला होता.

फोटोंचं तसं नाही. कॅमेऱ्यातल्या मोठ्या फोटोंची वरची पट्टी गेली. तिथं बहुतेक मांडवाचं कापडच होतं, कातरून भागलं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी लहान केलेले फोटो मात्र हातचे गेले. शेवटच्या लग्नाचं मेमरी कार्ड सुदैवानं त्यानं पुन्हा वापरलं नव्हतं. आणि उधारीची एक्सेल फाईल? ती इतकी छोटी, की अख्खीच कुलपात. त्यानं लग्नघरांना फोन लावले. आगाऊ किती दिले हे प्रत्येकाला पाठ होतं, बाकी किती राहिली ते कुणालाच आठवेना.

मूळ डिस्कला फॉरमॅट मारला तो यानंतर. आधी मारला असता आणि वर विंडोज चढवलं असतं, तर दुरुस्त करायलाही काही उरलं नसतं. विंडोज १०मध्ये ठरावीक फोल्डरात अनोळखी प्रोग्रामला लिहू न देण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू केली. कामाच्या नकलेसाठी त्याला दोन डिस्क घ्यायला लावल्या : एक दुकानात, एक घरी, आणि नक्कल झाली की वायर काढून ठेवायची. जोडलेली राहिली, तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

डीजेव्हीयू बरेचदा पासवर्ड चोरणारा जोडीदारही सोबत आणतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. याच्या क्रोममध्ये बँक, ईमेल, स्टुडिओचं फेसबुक पेज, सगळ्यांचे पासवर्ड साठवलेले. ते त्याच्या मोबाइलवरून एकेक करून बदलत बसलो. बँकेचा बदलून झाल्यावर त्यानं विचारलं, "भाऊ, मग ते अल्बमचं सॉफ्टवेअर आता कुठून घेऊ?" मी कंपनीच्या साइटवरची किंमत दाखवली. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हप्त्यानं देतात का हे?"