नेलं आणि आलं

लोणारात पूर्वी कुठल्याही संशोधकाला सायबच म्हणत. हातोडी घेऊन आलेला भूशास्त्रज्ञ असो, बाटल्या घेऊन आलेली सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी असो की खांद्याला शबनम लावलेला इतिहासाचा प्राध्यापक, सगळे सायबच. या सायबांना विवराच्या काठावरून खाली तळ्यापर्यंत नेणारे जे दोन-चार जण गावात होते, त्यांत आमचे मामा होते. सख्खे नव्हेत, अख्ख्या गल्लीचेच मामा. आज मी मराठी शिकवते, जुन्या पोथ्यांवर काम करते, नावामागे डॉक्टर लावते. या सगळ्याचं ऋण मांडायला बसले की माझ्या मार्गदर्शकांच्याही आधी मामा येतात. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं.

त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तशी. तिच्यात तीन रकाने आखलेले होते : कोण आलं, काय नेलं, काय आलं. तळ्यातून वर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मामा चहा पाजत आणि त्याच्याकडून पहिले दोन रकाने भरून घेत. कोणी लिहायला कंटाळलं तर मला हाक मारत. मी शाळकरी पोर, अक्षर बरं होतं. मग पाहुणे सांगत आणि मी लिही : दगड, सोळा तुकडे. काठचा चिखल, डबाभर. पाणी, तीन बाटल्या. देवळाच्या खांबांची मापं. पक्ष्यांची यादी. म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. तिसरा रकाना बहुतेक कोराच राही.

"सायब, तुमाले काय सापडलं ते आमाले बी कळवा," एवढं मामा प्रत्येकाला सांगत. पत्ता लिहिलेलं पोस्टकार्डही हातात देत. काहींची पत्रं यायची, बहुतेकांची यायची नाहीत. मामा चिडत नसत. पान मात्र उलटून पाहत राहत.

त्या वहीतली पहिली नोंद मामांच्या स्वतःच्या तरुणपणातली होती आणि ती त्यांनी नंतर आठवणीनं लिहवून घेतली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं विवरात छिद्रं घेतली तेव्हा आपण पेट्या वाहायला होतो, असं ते सांगत. जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या निघायच्या, त्या लांबट पेट्यांत ओळीनं लावायच्या. त्या पेट्या कुठं गेल्या आणि त्यांचं काय झालं, हे कळायला त्यांना पुष्कळ वर्षं लागली. ऐंशीच्या दशकात नागपूरकडचे एक भूशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांनी काठावर बसून मामांना सगळं समजावलं आणि मी ते ऐकत ऐकत तिसऱ्या रकान्यात लिहिलं.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. तिथून पुढं शंभराहून अधिक वर्षं बहुतेकांचा कल हे ज्वालामुखीचं तोंड असावं असाच होता. त्यात नवल नव्हतं. दख्खनचा सगळा काळा पाषाण ज्वालामुखीतूनच आलेला, मग त्यातला खड्डा दुसऱ्या कशाचा असणार? पण खालून काढलेल्या कांड्यांमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज न वितळताच काचेसारखं झालेलं सापडलं. त्यासाठी लागणारा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही, तो प्रचंड वेगानं आदळलेल्या अशनीचाच. स्मिथसोनियन संस्थेचे फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी हे १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. साधारण पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटर खोल असलेला आमचा खड्डा त्यानंतर चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांचाही झाला. तिथली किती तरी विवरं अशाच काळ्या दगडात आहेत, आणि पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये आघातानं झालेली विवरं मोजकीच आहेत.

"म्हंजे म्या वाह्यलेल्या पेट्यायनं हे ठरोलं?" मामांनी विचारलं. प्राध्यापक हो म्हणाले. त्या दिवशी मामांनी सगळ्या वर्गाला फुकट चहा पाजला.

पुढं नव्वदच्या दशकात विवराचं वय निघालं. तापवलेल्या नमुन्यांतून निघणारा मंद प्रकाश मोजून ते सुमारे ५२ हजार वर्षं ठरवलं होतं. ते मीच वहीत लिहिलं. मग २०११ च्या सुमारास आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून नवा आकडा आला, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. सुट्टीत घरी गेले होते तेव्हा मी मामांना तो सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खड्डा म्हातारा झाला, का तुमी शाने झाले?"

मी पेन घेऊन जुना आकडा खोडायला गेले तर त्यांनी हात धरला. "खोडू नको. खाली लिही. त्यायनंही तव्हा खरंच सांगतलं होतं."

मी तेव्हा पीएच.डी.ला होते. लीळाचरित्र या महानुभाव ग्रंथाच्या पोथ्यांतले पाठभेद लावत होते. आमच्याच जिल्ह्यात, मलकापूर तालुक्यातल्या नरवेल गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य महानुभाव पोथ्यांमध्ये घालवलं. सांकेतिक लिपीतल्या पोथ्या वाचून त्यांनी लीळाचरित्राची जी आवृत्ती सिद्ध केली ती १९७८ साली निघाली. एका पोथीत एक शब्द, दुसरीत दुसरा. संपादकानं एक निवडायचा आणि उरलेले तळटीपेत जपायचे, पुसायचे नाहीत. हा नियम मी पुस्तकातून घोकला होता. त्यामागची नीती मला मामांनी धरलेल्या हातानं कळली. आधीच्या माणसानं त्याच्याकडच्या साधनांनी प्रामाणिकपणे जे पाहिलं, त्याची नोंद आपल्याला नवीन काही दिसलं म्हणून मिटवायची नसते.

त्या वहीनं मला आणखी एक सवय लावली. वेगवेगळ्या सायबांच्या नोंदी एका पानावर येत. कुणी दगड नेला, कुणी गोष्ट, आणि लिहिणारी मी एकच. साहजिकच त्या नोंदी माझ्या डोक्यात एकमेकींशी बोलू लागल्या.

एकदा पुण्याहून सूक्ष्मजीवांचे अभ्यासक आले. तळ्याचं पाणी इतकं अल्कधर्मी, की सामू दहाच्या आसपास. अशा पाण्यात जगणाऱ्या जिवाणूंची विकरं कपडे धुण्याच्या पावडरीत उपयोगी पडू शकतात, कारण साबणाच्या पाण्यातही ती मोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्याच पानावर वर एका इतिहासकारांची नोंद होती. आईन-ए-अकबरीत अबुल फजलनं मेहकर सरकारातल्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यातल्या, लोणारचा उल्लेख केला आहे आणि इथं काच नि साबण करायचं साहित्य मिळतं असं म्हटलं आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी साबणासाठी या तळ्याकडं पाहिलं जात होतं आणि आता प्रयोगशाळेतली माणसंही त्याच कारणासाठी येत होती. मामांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या आजोबांच्या काळात उन्हाळ्यात तळं आटलं की खार गोळा व्हायचा. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची नावं ते सहज सांगत. कुठला खार पाण्याच्या कुठल्या थरात बसतो आणि कशाला लागतो, हेही त्यांना ठाऊक होतं. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक ती नावं लिहून घेऊन गेले. वहीत नोंद आहे : नावं, चार.

लवणासुराची कथाही अशीच कोणी तरी नेली. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं झाकण उडवलं, आत लपलेल्या दैत्याला मारलं. तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त नि खार हे त्याचं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याचीच खूण. काही हौशी लोक म्हणत, बघा, आपल्या पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली! मामांनी त्यांना कधी दुजोरा दिला नाही. पाच लाख वर्षांपूर्वी पाहायला आपण होतोच कुठं? पण कथा करणाऱ्यानं या जागेबद्दलचे तीन प्रश्न नेमके धरले होते : एवढं भोक पडलं कसं, पाणी असं का, खार आला कुठून. याच तिन्ही प्रश्नांवर पुढं शास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिले.

माझ्या स्वतःच्या कामाला सर्वांत मोठी उसनवारी मिळाली ती चिखलाची. जर्मन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. गाळ वर्षानुवर्षं थरावर थर बसत आलेला, अकरा-एक हजार वर्षांचा. पाणी फार आटून खारं झालं की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. ते ज्या थरांत सापडले ते कोरडे दिवस. त्यातून दिसलं की आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा साधारण २००० ते ६०० वर्षांपूर्वी पाऊस दीर्घकाळ दुबळा होता. हा दुसरा काळ वाचताना मी जागच्या जागी थांबले. लोणारची यादवकाळाच्या आसपासची देवळं या काळातली. लीळाचरित्रात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा लोणारचा मुक्काम येतो, तोही तेराव्या शतकातला, म्हणजे याच काळात. तळं आटत असेल तेव्हा काठावरच्या गोड्या पाण्याच्या धारेचं मोल किती वाढलं असेल! देवळं झऱ्यांजवळ का दाटली, याचं हे एक उत्तर असू शकतं. हा पुरावा नाही, तर्कच आहे, आणि प्रबंधात मी तो तर्क म्हणूनच मांडला. पण चिखल वाचणाऱ्यांनी वाचला नसता तर पोथी वाचणाऱ्या मला हा प्रश्न सुचलाच नसता.

२०२० च्या जून महिन्यात तळं गुलाबी झालं. देशभर फोटो फिरले. कोणी शाप म्हटलं, कोणी चमत्कार. तेव्हा मामा थकले होते, पण वही मागवून घेतली. वन विभागानं पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही अहवाल मागितला. पाणी कमी होऊन क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, असं उत्तर आलं. ते मराठी वर्तमानपत्रांत छापून आलं. न्यायालयानं विचारलं की सगळे कसे पटापट सांगतात, यावर मामा मनापासून हसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं.

त्यानंतर काही काळानं मामा गेले. जायच्या आधी त्यांनी माझीही नोंद लिहवून घेतली होती. माझ्याच हातानं, माझ्याच नावापुढं : काय नेलं? देवळांची माहिती, म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, मामांनी सांगितलेलं सगळं. तिसरा रकाना त्यांनी मुद्दाम मोकळा ठेवायला लावला. पदवी मिळाली म्हणून तो भरत नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

म्हणून प्रबंध छापून आल्यावर मी गावात देवळाच्या सभामंडपात तो सांगितला. पोथीतलं लोणार, गाळातला दुष्काळ, झऱ्याजवळची देवळं. माणसं बरीच आली. ओव्या सांगणाऱ्या एका आजीनं शेवटी विचारलं, "येवढ्या दुस्काळात बी धार आटली नाही म्हंतं तू. मंग ते पाणी येते कुठून माय?"

मला पोथी विचारली असती तर सांगता आलं असतं. काळ्या दगडाच्या थराथरांतल्या भेगांतून पावसाचं मुरलेलं पाणी वाहतं, इतकं मला ठाऊक होतं. पण नेमकं कुठल्या शिवारातून, किती दिवसांनी आणि वर वाढणाऱ्या वस्तीचं सांडपाणी त्यात मिसळतं का, हे तिला हवं होतं. तो प्रश्न मी जलविज्ञान शिकणाऱ्या, अभियांत्रिकीच्या एका मुलाकडे नेला. सध्या तो धारेचं पाणी आणि आसपासच्या विहिरींची पातळी मोजतो आहे. त्याला मी दोनच अटी घातल्या. पहिली, मोजमापं घेताना ज्या शेतकऱ्याची विहीर आहे त्याचं नाव आणि म्हणणं लिहून ठेवायचं. दुसरी, निष्कर्ष विद्यापीठाला द्यायच्या आधी गावाला सांगायचे, मराठीत, आकडे चुकवायचे नाहीत आणि जे कळलं नाही तेही सांगायचं. त्यानं मान डोलावली, मग जरा घाबरत विचारलं, "मॅडम, आजींनी पुढचा प्रश्न विचारला तर?"

"विचारतीलच," मी म्हटलं. "तो लिहून आण."