दोन स्थापत्यांमधले अ‍ॅक्सेस

ऑफिस २०१० बरोबर मायक्रोसॉफ्टने ६४ बिटांची आवृत्ती प्रथमच दिली आणि १९९२ पासून चालत आलेल्या अ‍ॅक्सेस या डेटाबेसप्रणालीत लिहिलेली जुनी अ‍ॅप्लिकेशन्स एका रात्रीत संशयास्पद ठरली. तक्ते, क्वेरी आणि साधे फॉर्म यांना या बदलाची झळ फारशी लागली नाही. ती लागली ती जिथे व्हीबीए या अंतर्गत भाषेतला कोड अ‍ॅक्सेसच्या बाहेर पडून फाइल निवडण्याची खिडकी उघडण्यासारख्या कामांसाठी थेट विंडोजची फंक्शन्स बोलावतो, तिथे.

या फंक्शन्सशी होणाऱ्या देवघेवीत मेमरीतील पत्ते, म्हणजे पॉइंटर, इकडून तिकडे जातात. ३२ बिटांच्या ऑफिसमध्ये असा पत्ता ४ बाइट्सचा असतो, ६४ बिटांच्या ऑफिसमध्ये ८ बाइट्सचा. व्हीबीएमधला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार मात्र दोन्हीकडे ४ बाइट्सचाच राहतो, आणि जुन्या कोडमध्ये पत्ते ठेवायला सर्रास लाँगच वापरलेला असे. म्हणून व्हीबीएच्या सातव्या आवृत्तीत लाँगपीटीआर हा नवा प्रकार आला, जो ऑफिसच्या बिटांप्रमाणे ४ किंवा ८ बाइट्सचा होतो, आणि बाहेरच्या फंक्शनच्या प्रत्येक घोषणेत पीटीआरसेफ हा शब्द लिहिणे ६४ बिटांच्या ऑफिसमध्ये सक्तीचे झाले.

घोटाळा याच शब्दापाशी होतो. पीटीआरसेफ काहीही तपासत नाही. ही घोषणा पाहून दुरुस्त केली आहे, अशी ती लिहिणाऱ्याने कंपाइलरला दिलेली नुसती हमी असते. फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे हा शब्द घुसडला की लाल एरर नाहीशा होतात, कोड बिनबोभाट कंपाइल होतो आणि काम झाल्याचा भास होतो, पण लाँग जिथल्या तिथे असतो. त्यातही खिडकीचा ओळखक्रमांक, म्हणजे हँडल, ६४ बिटांच्या विंडोजमध्येही ३२ बिटांत मावतो, त्यामुळे चुकीच्या घोषणाही पुष्कळदा चालून जातात. खरा पत्ता आला की मात्र त्याचा वरचा अर्धा भाग गळतो आणि अ‍ॅक्सेस कसलाही निरोप न देता बंद पडते.

फाइल निवडण्याच्या खिडकीचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. तिच्यासाठी लागणारी माहिती एका संरचनेत, म्हणजे एकापाठोपाठ रचलेल्या घटकांच्या गटात, भरून पाठवावी लागते आणि त्या संरचनेचा आकार तिच्या पहिल्या ४ बाइट्समध्ये लिहावा लागतो. ६४ बिटांत पुढचा घटक, म्हणजे मूळ खिडकीचे हँडल, ८ च्या पटीतल्या जागेवरच सुरू होत असल्याने मध्ये ४ बाइट्स रिकामे सुटतात. लेन हे फंक्शन ही रिकामी जागा मोजत नाही, लेनबी मोजते. जुन्या सवयीने लेन वापरले तर विंडोज चुकीचा आकार पाहून खिडकी न उघडताच शून्य परत करते आणि शून्याचा रूढ अर्थ ‘वापरकर्त्याने रद्द केले’ असा असल्याने प्रोग्रॅम शांतपणे पुढे जातो, तर वापरकर्ता आपण बटण दाबलेच नाही की काय या विचारात पडतो.

३२ आणि ६४ बिटांची दोन्ही स्थापत्ये सांभाळताना, कोणत्या ऑफिसमध्ये कोणत्या ओळी कंपाइल व्हाव्यात हे ठरवणाऱ्या व्हीबीए७ आणि विन६४ या अटींची गल्लतही नेहमीची आहे. पीटीआरसेफ ३२ बिटांच्या ऑफिस २०१० लाही समजतो, त्यामुळे एकच घोषणा दोन्हीकडे पुरते. विन६४ ची गरज मुख्यतः काही फंक्शन्सची नावेच दोन्हीकडे वेगळी असतात तिथे पडते, आणि ही अट विंडोजबद्दल नव्हे, ऑफिसबद्दल बोलते. ऑफिस २००७ चा आधार २०१७ मध्ये संपला असल्याने त्याच्यासाठी ठेवलेल्या जुन्या फांद्या आता खुशाल छाटाव्यात; ६४ बिटांच्या ऑफिसच्या कोड-संपादकात लाल दिसणाऱ्या त्या ओळी वाचणाऱ्याला उगाच घाबरवतात. ३२ बिटांचे ऑफिस मात्र अजून कित्येक कार्यालयांत आहे, तेव्हा त्याला रजा देता येत नाही.

कोडबाहेरचे अडथळे वेगळेच. जेट हे जुने डेटाबेस-इंजिन ६४ बिटांत नाही, आणि बाहेरच्या डेटाबेसशी होणाऱ्या ओडीबीसी जोडण्या दोन्हीकडे वेगळ्या नोंदवाव्या लागतात. त्यांची ६४ बिटांची व्यवस्था सिस्टीम३२ या फोल्डरमध्ये राहते, हा मायक्रोसॉफ्टचा विनोद म्हणावा. चाचणीसाठी दोन संगणक किंवा एक आभासी यंत्र लागतेच, कारण एकाच यंत्रावर दोन्ही ऑफिस सहसा नांदत नाहीत.

ज्यांच्याकडे अशा अ‍ॅप्लिकेशनची फक्त एसीसीडीई, म्हणजे कोड काढून बंद केलेली फाइल आहे, त्यांनी ते बनवणाऱ्याकडून मूळ एसीसीडीबी फाइल आजच मागून घ्यावी. ३२ बिटांत बनवलेली एसीसीडीई ६४ बिटांच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडत नाही आणि तिच्यातून कोड परत मिळत नाही.