विसमिताचं दान

सांचीचा स्तूप तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिला असेल. पण घेराने त्याच्याहूनही मोठे दोन स्तूप आपल्या महाराष्ट्रात आहेत असं सांगितलं तर? खरं नाही वाटत ना? मग भंडारा जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि त्यात आसगाव शोधा. धानाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या चौरास भागातलं हे गाव. त्याचा तालुका पवनी. आसगावचे लोक तालुक्याच्या कामासाठी ज्या पवनीला जातात, तिथेच हे स्तूप आहेत!

पवनी हे वैनगंगेच्या काठचं जुनं नगर. एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंना खंदक व मातीचा उंच तट. या तटातला दरवाजा आज जवाहर गेट म्हणून ओळखला जातो. नदीकाठी दगडी घाट आहेत आणि गावात इतकी देवळं, की लोक पवनीला 'विदर्भाची काशी' म्हणतात. कोष्टी विणकरांच्या हातमागांसाठीही हे गाव नावाजलेलं.

गावाबाहेर दोन उंचवटे होते. एक जगन्नाथ टेकडी, दुसरी हरदोलाला टेकडी. टेकड्याच त्या, त्यांच्या पोटात काय असणार? पण १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी हे त्याचे प्रमुख. माती बाजूला होऊ लागली आणि विटांचे प्रचंड गोल दिसू लागले. दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप!

जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर, तर दुसऱ्याचा सुमारे ४१ मीटर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा आहे साडेछत्तीसच्या आसपास. नुसत्या आकड्यांनी अंदाज येत नाही ना? मग शाळेच्या मैदानात एक खुंटी ठोका, तिला १९ मीटरची दोरी बांधा आणि दोरी ताणून धरत गोल फिरा. झाला तुमचा जगन्नाथ टेकडीचा स्तूप!

या स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या एका खांबावर फणा काढलेला नाग आहे, आणि त्याचं नावही कोरलेलं आहे. तो मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसले असताना वादळ-पाऊस सुरू झाला, तेव्हा या नागराजाने त्यांच्यावर फणा धरला, अशी कथा आहे.

पण मला सगळ्यात आवडतात ते इथले छोटे छोटे लेख. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. हा स्तूप कुणा एकट्या राजाच्या खजिन्यातून उभा राहिला नाही. कुणी खांब दिला, कुणी दगड दिला. देणाऱ्यांत नाग नावाचा एक विद्वान भिक्खू आहे. विसमिता नावाची एक बाईही आहे. तिने आपलं दान कशासाठी दिलं, माहीत आहे? सर्व जिवांना सुख मिळावं म्हणून! स्वतःसाठी तिने काही वेगळं मागितलं नाही.

विसमिता कुठली, तिच्या घरी कोण कोण होतं, आज कुणाला ठाऊक नाही. उरली आहे ती दगडावरची एवढीच ओळ. तो दगड फुटला असता किंवा कुणाच्या घराच्या पायात गेला असता, तर ती बाई होती हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. जुन्या वास्तूची एकेक वीट, एकेक चीप जपायची ती याचसाठी.

आपणही सहलीला गेलो की किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरायला हात शिवशिवतात, नाही का? विसमिताचंही नाव दगडावर आहे. पण तिने आधी दगड दिला, आणि मग त्यावर नाव आलं. आपण काय दिलंय, एवढं स्वतःला विचारायचं आणि खिळा खिशात ठेवायचा!