दोष हाताचा की धातूचा?

आपल्या वस्त्यांमधून वेल्डिंगच्या धंद्यात शिरलेली तरुण मुले आज आळीआळीला दिसतात. कुणी आयटीआय केलेले, तर कुणी वर्कशॉपमध्ये हेल्परी करता करता होल्डर हाती घेतलेले. हात चांगला असला की पोट भरते, ही त्यांची श्रद्धा. पण हात कितीही चांगला असला तरी काही जोड नुसत्या हाताने होत नाहीत. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांचा जोड हा त्यांपैकी एक. त्याविषयी आमच्या समाजबांधवांना माहिती असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या आळीतला एक मुलगा एका लहान वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. लोखंडी फ्रेमवर ॲल्युमिनियमचा पत्रा वेल्ड करून बसव, असे मालकाने त्याला सांगितले. जोड वरून बरा दिसला, पण माल टेम्पोत चढवताना पत्रा टणकन निखळला. मालकाने आठ दिवसांची रोजी कापली आणि वर ऐकवले, "तुझा हातच कच्चा." मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, लोखंडाला लोखंड लावतो तेव्हा माझा जोड कधी सुटला नाही."

आम्ही पडलो कारकून. आमचा संबंध हिशेबाच्या वह्यांशी. पण नीट समजून घेतल्याशिवाय भांडू नये, हा चळवळीने लावलेला धडा आहे. म्हणून आम्ही जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली. जे कळले ते असे :

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पोलादाला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे पोलाद लाल होते न होते तोच ॲल्युमिनियमचे पाणी झालेले असते. त्यात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो २००० अंशांच्या पुढे वितळतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे थंड होताना जोडावर ताण येतो. पण खरे दुखणे याहून वेगळे आहे. हे दोन धातू एकत्र वितळले की त्यांच्यामध्ये लोह-ॲल्युमिनियमचे एक संयुग तयार होते. ते कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळ. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत राहिला तर जोड तग धरतो. जाड झाला की धक्क्यासरशी तडकतो. साध्या वेल्डिंगच्या उष्णतेत तो जाड होणारच. तिथे कारागिराचा हात काय करणार?

मग हा जोड होतच नाही काय? होतो, पण त्याची रीत निराळी. फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये धातू न वितळवता घर्षणाने व दाबाने जोडतात. हा जोड नीट झाला तर चाचणीत जोड शाबूत राहून शेजारचे ॲल्युमिनियमच तुटते. जहाजाचा सांगाडा पोलादाचा आणि वरचा भाग ॲल्युमिनियमचा असतो, तेव्हा स्फोटाच्या दाबाने आधीच जोडलेली दुहेरी पट्टी मध्ये घालतात. मग पोलादाला पोलाद आणि ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम वेल्ड करतात. तेव्हाही पट्टीचा मूळ जोड सुमारे ३०० अंशांपेक्षा जास्त तापू देत नाहीत. इंग्लंडमध्ये १९९१ साली निघालेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगच्या तंत्राने होंडा कंपनीने २०१२ साली मोटारीच्या सांगाड्यात हे दोन धातू जोडून दाखवले. लहान वर्कशॉपला मात्र रिव्हेट किंवा नटबोल्टच बरा. मध्ये रबराचे वा प्लास्टिकचे वायसर घालावे. नाहीतर पाणी लागल्यावर पोलादाच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजत जाते.

एवढे समजल्यावर आम्ही त्या मालकाकडे गेलो. तो हसत म्हणाला, "साहेब, धातूलाही जात असते. वेगळ्या जातीचं जमायचं कसं?" आम्ही म्हणालो, "शेठ, धातूचा फरक थर्मामीटरवर दिसतो. माणसाची जात दाखवणारे थर्मामीटर अजून कुणी काढलेले नाही. आणि धातूचा फरक तुम्हाला ठाऊक होता, तर या पोराची रोजी कशी कापली?" कामगाराच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तरच पगार कापता येतो, आणि तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, हा कायदाही आम्ही समोर ठेवला. रोजी परत मिळाली. काम रिव्हेट मारून पुरे झाले.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कामगारांच्या तंत्रशिक्षणाचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते. कामगाराने नुसते राबू नये, आपले काम जाणून करावे, हा त्यामागचा विचार आपण विसरता कामा नये. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले तेही हेच, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या.

तेव्हा तरुण मित्रांनो, दोन वेगळे धातू जोडायला सांगितले, तर आधी एक तुकडा जोडून पाहा. वाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. जोडावरच कडकन तुटला, तर मालकाला तिथेच दाखवा आणि मगच पुढचे काम घ्या. पालकांनीही मुलाला होल्डर हाती देण्याआधी आयटीआयचा वेल्डरचा कोर्स पुरा करू द्यावा. ज्याला आपल्या कामाचे ज्ञान आहे, त्याच्या हाताला कुणी सहजासहजी कच्चा म्हणू शकत नाही.

जयभीम!