आष्टीच्या काळ्या मातीतली वेगवान मोटार

वाचकहो, महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. बीड जिल्ह्यात एक आहे, वर्धा जिल्ह्यात एक आहे, आणि ती दोन्ही तालुक्याची गावे. मी ज्या आष्टीविषयी लिहितो आहे ती जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याला लागलात की वाटूर फाटा येतो. तेथे उजवीकडे वळून परतूर गाठावे. परतूरला रेल्वे स्टेशन आहे, दुधना नदी आहे. तेथून माजलगावची वाट धरली की आष्टी लागते. पुढे गोदावरी, आणि गोदावरीपलीकडे बीड जिल्हा. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्याआधी हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. म्हणून इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कचेरीचे काम म्हटले की अजूनही परभणीचे नाव येते.

माझी नोकरी शेतकी खात्यातली. त्यामुळे या भागाची ओळख मला रस्त्यापेक्षा मातीवरून जास्त. ही भारी काळी जमीन. कापूस, तूर, सोयाबीन, रब्बीला ज्वारी-हरभरा, पाण्याची सोय असेल तेथे ऊस आणि मोसंबी. या मातीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण ध्यानात घ्या, जी माती आपल्या कापसाला ओल धरून ठेवते तीच माती वरच्या डांबराला सुखाने बसू देत नाही. खालून ती वर-खाली होत राहते आणि सरळ केलेली सडक दोन-चार पावसाळ्यांत लाटेसारखी होते. मोठ्या रस्त्याचा पाया खोल भरतात म्हणून तो टिकतो. वस्तीवरच्या, पांदीच्या रस्त्याला ते भाग्य कोठले?

अशाच एका वस्तीवर, लिंबाच्या झाडाखाली, काही वर्षांपूर्वी एक मोटार येऊन उभी राहिली. रंग गडद निळा, अंग बसके, चाके रुंद. परदेशी बनावटीची, वेगासाठी नावाजलेली, दुसऱ्या हाताने घेतलेली. कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण प्रश्न नावाचा नाही. घरचा थोरला मुलगा शहरात नोकरीला राहून परत आला होता. त्याने साठवलेले पैसे आणि मोसंबीच्या दोन चांगल्या हंगामांचे पैसे मिळून ती घेतली. पहिल्या दिवशी आयाबायांनी तिला हळदकुंकू लावले, पोरांनी आरशात तोंडे पाहिली. मीही तिच्यात बसलो आहे. परतूरच्या वाटेवर मोकळा पट्टा आला आणि त्याने पाय जरासा दाबला, तेव्हा पाठ गादीला चिकटली. मंडळी, हा आनंद खोटा नाही. शंकरपटात धावणाऱ्या बैलजोडीकडे पाहून ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याने मोटारीच्या वेडाला नावे ठेवू नयेत.

शिवाय हे वेड आपल्या मुलखाला नवे नाही. आपल्या शेजारीच, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, २००१ पासून स्कोडा कंपनीचा कारखाना आहे. तेव्हा त्या शहराचे नाव औरंगाबाद होते. या कंपनीने २००४ साली ऑक्टेव्हिया गाडीची वेगवान आवृत्ती भारतात विकायला आणली. इंजिन १.८ लिटरचे, टर्बो बसवलेले, ताकद १५० अश्वशक्ती. पुढे २०१७ साली तिचीच २३० अश्वशक्तीची आवृत्ती आली. आणि २०१० सालच्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या दीडशे जणांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. त्यासाठी ७ टक्के व्याजाने कर्ज मिळाले आणि देशभर चर्चा झाली, कारण त्याच काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जाला त्याहून बरेच जास्त व्याज पडत होते.

आता तुम्ही विचाराल, २३० अश्वशक्ती म्हणजे किती? आपल्या गावातला ट्रॅक्टर साधारण ४५-५० अश्वशक्तीचा. मग ती मोटार चार-पाच ट्रॅक्टरांचे काम करील का? नाही. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर सावकाश, दिवसभर ओढत राहते. वेगवान मोटारीची ताकद चार-पाच हजार फेऱ्यांच्या पुढे खुलते. एक नांगराचा बैल, दुसरा शर्यतीचा. दोघांचा खुराक वेगळा आणि दोघांची दुखणीही वेगळी.

टर्बोचेच घ्या. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानसे चक्र फिरते आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबते. हे चक्र मिनिटाला लाखावर फेऱ्या घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तोललेले असते. तेल जुने झाले, घाण झाले की टर्बोचे आयुष्य संपत येते. वेगात आल्या आल्या इंजिन बंद केले तर आतले तेल जागीच करपते. म्हणून मिनिट-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवून मग किल्ली फिरवावी. ट्रॅक्टरला टर्बो असेल तर त्यालाही हाच नियम.

तसेच डबल क्लचचे. ट्रॅक्टरमधला डबल क्लच आपल्याला ठाऊक आहे. एक चाकांसाठी, दुसरा पीटीओसाठी. या मोटारींत दोन क्लच असतात ते वेगळ्या कामाचे. एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. त्यामुळे गिअर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलतो. पण यात कोरड्या क्लचची एक जात आहे. बाजाराच्या गर्दीत, बैलगाडीमागे सरपटत जाताना ती तापते. २०१३ साली फोक्सवागन कंपनीने सात गिअरच्या अशा पेट्यांतले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीलाही उष्ण आणि दमट हवेने धडा दिला. आपल्याकडे तर वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो.

आष्टीच्या त्या मोटारीचे दुखणे मात्र आधी रस्त्याने सुरू केले. टायरची कड बारीक असल्याने खड्डा थेट चाकाच्या रिंगवर बसे. दोन रिंगा वाकल्या. मग पुढचे शॉकअप्सर गेले. त्यानंतर रेडिएटरचे पाणी गळू लागले आणि समोर पिवळा दिवा पेटू लागला. गावातला मिस्त्री डिझेल इंजिनात हुशार, पण या गाडीला संगणक जोडल्याखेरीज बोलताच येत नाही. मोठ्या शहरातल्या गॅरेजात दोनदा नेली. एकदा टेम्पोवर चढवून. भाग येईपर्यंत महिना महिना वाट पाहिली.

यात २०२५ चा सप्टेंबर आला. त्या महिन्यात मराठवाड्यात किती पाऊस झाला हे तुम्ही अंगाने सोसले आहे. उभे सोयाबीन पाण्यात, कापसाची बोंडे काळी. अशाच एका रात्री त्या घरच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. मुलाने मोटार काढली. ती सुरू झाली, पण दिवा पेटला आणि जोर धरीना. वेशीपर्यंतही पोहोचली नाही. शेजारच्या भावकीतली दूध वाहणारी जुनी पिकअप आली, तिच्यात गादी टाकली आणि वडिलांना परतूरला नेले. ते बरे झाले, ही देवाची कृपा.

पंधरवड्याने मी पंचनाम्याच्या कामासाठी वस्तीवर गेलो तेव्हा घरात बोलणे चालले होते. गॅरेजवाल्याने टर्बोसकट एक लाख ऐंशी हजारांचा आकडा सांगितला होता. घरात रब्बीच्या बी-खतासाठी आणि मोसंबीच्या ठिबकसाठी राखलेले पैसे त्याच्याहून थोडे जास्त होते.

मुलगा म्हणाला, “साहेब, एवढा खर्च केला की गाडी नव्यासारखी होईल. आता इकली तर मातीमोल जाईल.”

आई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “बाळा, तुझी हौस म्या कवा मोडली न्हाई. पर बैल आजारी पडला तर त्याच्या पायी दुसऱ्या बैलाची पेंड तोडीत न्हाईत.”

वडील खाटेवरून एवढेच बोलले, “हरभरा पेरायचा वाफसा चार दिसांत जाईल.”

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग उठून त्याने बियाण्याच्या पिशव्यांचा हिशेब माझ्याकडून लिहून घेतला. मोटार दिवाळीनंतर, आहे त्या स्थितीत, घेतल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याला गेली. नेणाऱ्याने ती टेम्पोवर चढवली तेव्हा त्याने आपल्या हाताने काच पुसली, हे मी पाहिले. हरभरा वेळेवर पेरला गेला.

तर सांगायचा मुद्दा असा. तुमच्या घरातल्या मुलाला अशी मोटार घ्यावीशी वाटली तर त्याला रागावू नका, पण बैलबाजारात दात आणि खूर पाहतो तसे पाहायला लावा. सर्व्हिसची सारी बिले क्रमाने मागा. संगणक लावून दोष तपासून घ्या. इंजिन थंड असताना सुरू करून निळा धूर येतो का ते पाहा. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला ते विचारा. त्या कंपनीचे गॅरेज किती कोसांवर आहे ते मोजा. आणि किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत असेल तरच इसार द्या. बी-बियाण्याचे, दवाखान्याचे आणि मुलींच्या शिक्षणाचे पैसे त्या हिशेबात धरू नका. आणि घरात एकच वाहन ठेवायचे असेल तर ते गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल असे असावे. अपरात्री उपयोगी पडते ते तेच.